लेकरू किती दिवसाचं?

आमच्या मॅडमना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, गावं राहायची. मी अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याला आले आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागले. त्या दिवसापासून मी ‘अमरावती’ झाले. “अमरावती, स्लाइड आन वं.” माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी ‘तिवसा’ होती. मशीन दुरुस्त करायला येणारा गृहस्थ पुण्याचा. तो टाय बांधून दारात उभा राहिला की मॅडम आतून ओरडायच्या, “पुणं आलं वाटते. पानी द्या त्याले.” तो अदबीनं विचारायचा, “कशा आहात मॅडम?” मॅडम म्हणायच्या, “मी बरी आहो. तुह्यं मशीन बिमार आहे.” त्याला ते भांडण वाटायचं. आम्हाला माहीत होतं, की हे त्यांचं स्वागत आहे.

मॅडम पॅथॉलॉजिस्ट. मुंबईत शिकलेल्या, बार्शीटाकळीच्या. वडील सरकारी शाळेत शिपाई होते आणि त्यांनी मुलीला डॉक्टर करायचंच असं ती तिसरीत असताना ठरवून टाकलं होतं, हे मॅडम दर बुद्ध पौर्णिमेला लॅबमध्ये खीर वाटताना सांगायच्या. दर वर्षी तेवढंच सांगायच्या, एक वाक्य जास्त नाही. टेबलावर जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणि तोंडात वऱ्हाडी, असा त्यांचा थाट. साडी कायम सुती, पायात काही नाही. चपला दाराबाहेर. “जमीन थंडी असली का डोकं थंडं राह्यते,” म्हणायच्या. अकोल्याच्या मे महिन्यात त्यांचं डोकं कसं थंड राहायचं, हे त्यांनाच ठाऊक.

आमची लॅब ज्या गल्लीत होती त्या गल्लीत लहान मुलांचे तीन-चार दवाखाने. त्यामुळे आमच्याकडे येणारे निम्मे पेशंट स्वतःचं नावही अजून न मिळालेले. नळीवर नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. मॅडमना त्याचा राग यायचा. नळी हातात घेऊन बाहेर यायच्या आणि विचारायच्या, “लेकरू किती दिवसाचं?”

“बेबी ऑफ संगीता, मॅडम.”

“ते मले दिसते. दिवस किती?”

दिवस कळल्याशिवाय त्या रिपोर्टवर सही करायच्या नाहीत. कारण साधं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी. मोठ्या माणसात त्या चार ते अकरा हजारांच्या आसपास असतात. आज जन्मलेल्या बाळात पंचवीस हजार निघाल्या तरी त्यात काही वावगं नसतं. आठवडाभरात त्या आपोआप उतरतात. पण आमच्या मशीनला हे कोण सांगणार? ते मोठ्यांच्या हिशेबानं बाळाच्या आकड्यापुढे वर जाणारा काळा बाण छापून मोकळं. तो बाण पाहून बाप पांढरा पडायचा, आजी रडायला लागायची. मॅडम तो बाण लाल शाईनं खोडायच्या आणि खाली मराठीत लिहायच्या, “वयाला बरोबर आहे. घाबरू नये.” छापील इंग्रजी रिपोर्टवर हातानं मराठी लिहिणारी जिल्ह्यात ती एकच लॅब असावी. गल्लीतले डॉक्टर सुरुवातीला चिडायचे. पुढे पुढे लाल शाई नसली तर फोन करायचे, “मॅडम, आज काही लिहिलं नाही?”

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. “मशीन मोजते, पाह्यत नाई.” म्हणून बाळाचं रक्त असलं की त्या काचपट्टीवर थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघायच्या. कधी मशीन सांगायचं पस्तीस हजार, आणि मॅडम बघून सांगायच्या पंधरा. नवजात बाळाच्या रक्तात काही कच्च्या लाल पेशी असतात, त्यांना मध्ये ठिपका असतो. मशीन त्यांनाही पांढऱ्यांत मोजतं. मॅडम एकेक वेगळी काढायच्या. “हे पाह्य, हे लाल आहे बिचारं. पांढऱ्याच्या रांगेत चुकून उभं राह्यलं.”

रक्त काढायच्या आधी त्यांची प्रश्नांची फैर सुटायची. रडलं काय? दिवस भरले होते काय? बाळंतपणात आईले ताप होता काय? बीपी होता काय? पोटात असतानी फुफ्फुसासाठी इंजेक्शन देल्लं होतं काय? नाळ कवा पडली? या शेवटच्या प्रश्नावर सगळ्या आज्या एकमेकींकडे बघायच्या. मीही एकदा विचारलं, की नाळेचा आणि पांढऱ्या पेशींचा काय संबंध. त्या म्हणाल्या, “लाखात एखाद्या लेकराच्या पेशी रक्तातच फिरत राह्यतात, जखमेपाशी जाऊनच नाई राह्यल्या. मंग आकडा मोठा दिसते, पन नाळ महिना महिना पडत नाई. म्या साऱ्या जलमात एक पाह्यलं.” ते एक लेकरू पाहिल्यापासून त्यांनी नाळेचा प्रश्न एकदाही गाळला नव्हता.

पण पहिला प्रश्न कायम ‘रडलं काय’ हाच. जोरात रडलं की बाळाच्या पांढऱ्या पेशी घटकाभर वाढतात. त्यामुळे रडणारं बाळ आलं की मॅडम सुई बाजूला ठेवायच्या. आधी निजवा, मग अर्धा तास थांबा, मग रक्त. आमची बसायची खोली म्हणजे पाळणाघरच. चार-चार बायका मांडीवर थोपटतायत आणि मॅडम मधोमध उभ्या राहून अंगाई गातायत. त्यांना एकही अंगाई येत नव्हती. त्या गाड्या थांबतात ती गावं गायच्या. “अकोलाऽ, बोरगाव मंजूऽऽ, काटेपूर्णाऽ, मूर्तिजापूरऽऽ...” आवाज घोगरा, पण चाल अशी लागायची की मोठ्या माणसांच्याही पापण्या जड व्हाव्यात. बहुतेक लेकरं कुरूमच्या आसपास निजायची. बडनेऱ्यापर्यंत जागं राहिलेलं पोर मी एकच पाहिलं. त्याच्या आईला मॅडम म्हणाल्या, “हे कंडक्टर होईन.”

आणि बाप. रक्त काढताना आईनं बाळ धरायचं आणि बापानं व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या, ही रीत त्यांना मान्य नव्हती. “बाप कुठी आहे? आत बोलाव त्याले. लेकरू त्याचं बी आहे.” बाप आत यायचा, बाळाची टाच हातात धरायचा आणि सुई टोचली की बाळाच्या आधी त्याचंच तोंड वाकडं व्हायचं. एक पोलीस हवालदार तर चक्क चक्कर येऊन खाली बसला. मॅडमनी त्याला साखरपाणी पाजलं आणि बाळाकडे बघून म्हणाल्या, “तुह्या बापाले संभाळ बाबू.”

हे सगळं हसण्याचं. पण एकदा मी त्यांची दुसरी बाजू पाहिली. नोकरीला तीनेक महिने झाले असतील. चार दिवसांच्या एका बाळाचं रक्त आलं. पांढऱ्या पेशी अडीच हजार. तोवर माझ्या डोक्यात एवढंच बसलेलं, की जास्त निघालं की लोक रडतात. कमी निघालं, म्हणजे बरंच झालं. स्लाइड रंगवून ठेवली, रिपोर्ट ट्रेमध्ये टाकला आणि मी डबा उघडला. मॅडम माझ्यासमोर बसून जेवत होत्या. त्यांनी सहज ट्रेमध्ये नजर टाकली, हातातला घास तसाच ठेवला आणि उष्ट्या हातानं फोन उचलला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना एवढंच बोलल्या, “ते चार दिवसाचं लेकरू. आकडा कमी आहे. आत्ता पाहा त्याले, आत्ता.” मग स्लाइड बघितली आणि परत एकदा फोन केला.

त्या बाळाच्या रक्तात जंतू पसरले होते. तासाभरात त्याला औषध सुरू झालं.

मॅडमनी हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. मला वाटलं, नोकरी गेली.

“कमी आला म्हून खुश झाली होती काय वं?”

मी मान डोलावली. खोटं बोलायची सोयच नव्हती.

“मोठ्या मानसाजवळ साठा राह्यते. लहान लेकराजवळ साठा तो केवढा? जंतूसंगं लढतानी साऱ्या पेशी खर्ची पडतात, आन् आकडा खाली जाते. कवा आईच्या बीपीनंबी कमी होते, कवा साध्या सर्दीतापानंबी होते. पन ते आपन मागून ठरवाचं. पह्यले फोन कराचा.” मग म्हणाल्या, “आकडा तू लिहिला ना? मंग लेकरू बी तुयंच. रोज फोन करून इचाराचं, कसं आहे म्हून.”

मी अकरा दिवस रोज फोन केला. अकराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “अहो, ते घरी गेलं, आता माझा पिच्छा सोडा.” मी मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या डब्यातली एक पोळी उचलली, तुकडा मोडला आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे.” आमच्यातलं प्रकरण तिथे मिटलं.

आकडा खरंच वाईट बातमी घेऊन यायचा, असेही दिवस होते. एका सात महिन्यांच्या मुलाच्या स्लाइडवर त्यांना नको त्या पेशी दिसल्या. त्या दिवशी त्यांनी लाल शाईला हात लावला नाही. आईवडिलांना आत बसवून, दार लावून, स्वतः सांगितलं. खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही. म्हणूनच त्यांनी ‘घाबरू नये’ लिहिलं की लोक खरोखर घाबरायचे नाहीत.

आता मी अमरावतीच्या एका दवाखान्यात लॅब सांभाळते. मॅडमनी सूक्ष्मदर्शक एका कॉलेजला देऊन टाकला आणि बार्शीटाकळीला जाऊन राहिल्या. भेटायला गेले की अजूनही विचारतात, “काय म्हन्ते तुयं मशीन?” पण मॅडम म्हटलं की मला एकच सकाळ आठवते.

थंडीचे दिवस. लॅब उघडून अर्धा तास झाला असेल. एक जोडपं आत आलं, चाळीस दिवसांची मुलगी कुशीत घेऊन. बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यातले, झेंडूची आणि भाजीची शेती. त्यांच्यामागे, दारातच अडकल्यासारखे, मुलीचे आजोबा. खांद्यावर पंचा, तोंडावर त्याचंच एक टोक. बाहेर गाडी उभी होती, नागपूरला न्यायची. आदल्या दिवशी दुसरीकडे रक्त तपासलं होतं आणि पांढऱ्या पेशी निघाल्या होत्या साठ हजार. गल्लीतल्या डॉक्टरांनी एकदा मॅडमकडून खात्री करून मग नागपूरला जा, असं सांगितलं होतं. बापानं रात्रभर मोबाईलवर वाचून काढलं होतं. त्याचे डोळे लाल.

“मॅडम, ब्लड कॅन्सरच आहे का?”

“मले अजून काईच माहीत नाई. दिवस किती?”

“चाळीस.”

“रडली काय?”

“नाई, रडतच नाई ते,” आई म्हणाली. “निस्ती पडून राह्यते.”

मी रक्त घेतलं. मशीननं आकडा दाखवला, एकोणसाठ हजार आठशे. म्हणजे या वेळी मशीन खरं बोलत होतं. मॅडम स्लाइड घेऊन बसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. शेवटी त्यांनी मला बोलावलं. “पाह्य.”

मी बघितलं. लहान, गोल, पक्क्या पेशी, सगळीकडे त्याच. कच्ची, बेढब अशी एकही नाही. आणि काहींच्या मधल्या गडद भागाला खाच, सुपारी अडकित्त्यात धरून अर्धवट कापून सोडावी तशी.

मॅडम उठल्या आणि बाहेर आल्या. मला वाटलं, आता बापाला काहीतरी सांगतील. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “घरी कोन खोकलते?”

सुनेनं खाली बघितलं. दाराशी उभ्या असलेल्या आजोबांनी पंचा तोंडावर दाबला, पण उबळ काही थांबेना. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आबाजी, किती दिवस झाले?”

“पंधरा-ईस दिवस. काई नाई बाई, बिडीचा खोकला हाय थो.”

“बिडी पेता?”

“सोडली.”

“कवा सोडली?”

“नात झाली त्याच दिवशी.” म्हाताऱ्याचा चेहरा एवढ्यातही उजळला. “दोन पिढ्या झाल्या, घरात पोरगी नोती. म्हनलं, तिले धूर नोको.”

“चाळीस दिवस झाले बिडी सोडून, आन् खोकला पंधरा दिवसाचा. मंग बिडीचा कसा?”

आजोबांनी पंचा पुन्हा तोंडावर ओढला.

“पोरगी खोकलते काय वं?” मॅडम आईकडे वळल्या.

“नाई. पन चार दिवस झाले, दूध पेता पेता थांबते. घडीभर श्वासच घेत नाई. ओठ निळे...” आणि बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. “हे पाहा ना, हे पाहा!”

मुलगी तिच्या मांडीवर स्थिर झाली होती. ओठांभोवती जांभळट छटा. मॅडमनी तिला उचललं, हातावर पालथी घेतली, पाठ चोळली, तळव्यावर बोटानं टिचक्या मारल्या. मी एक, दोन, तीन मोजत होते की देवाचं नाव घेत होते, आठवत नाही. मग ते इवलंसं अंग दचकलं आणि तिनं श्वास घेतला.

मॅडम थांबल्या नाहीत. मुलीला छातीशी धरून तशाच दाराबाहेर पडल्या, अनवाणी, समोरच्या दवाखान्याकडे. मी ऑक्सिजनसाठी ओरडत पुढे धावले. डॉक्टर तरुण होते, हुशार होते. मुलीला ऑक्सिजन लावता लावता म्हणाले, “मॅडम, साठ हजार आहे. नागपूरला बोनमॅरो...”

“डांग्या खोकला आहे हा.”

“पण खोकत नाही ती.”

“एवढ्या लहान लेकराले खोकल्याची ताकतच कुठी राह्यते? ते निस्तं श्वास सोडून देते. म्या स्लाइड पाहून बोलून राह्यली. पेशी साऱ्या पक्क्या, खाच पडलेल्या; कॅन्सरच्या कच्च्या राह्यतात. आन् आजा दारात उभा राहून खोकलून राह्यला, थोबी आयकून घ्या.”

डॉक्टरांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा मुलीकडे. मग म्हणाले, “गाडी परत पाठवा.”

घशातल्या स्रावाचा नमुना नागपूरला गेला, पण औषध त्याच सकाळी सुरू झालं. धोका लगेच टळला नाही. डांग्या खोकल्यात आकडा असा चढतच राहिला, तर तोच जिवावर उठतो. म्हणून रोज सकाळी मी वॉर्डात जाऊन थेंबभर रक्त आणायची आणि मॅडम स्वतः मोजायच्या. एकसष्ट. साठ. पुन्हा एकसष्ट. चौथ्या दिवशी चोपन्न. त्या दिवशी मॅडमनी आम्हा सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. मग शेहेचाळीस, छत्तीस. नागपूरचा कागद आला तेव्हा त्यावर डांग्या खोकलाच होता, पण तोवर आम्हाला कोणालाच त्याची गरज उरली नव्हती.

आजोबा मात्र वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर. घरातल्या सगळ्यांना औषध दिलं होतं. पाच दिवस झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की आता नातीजवळ जायला हरकत नाही. ते गेले नाहीत. मॅडम दुपारी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मी डबा घेऊन मागे उभी होते.

“जात काहून नाई आत?”

“म्याच देल्ला तिले बाई. दिवसभर मांडीवर घेऊन बसो. खाली ठेवूच वाटे नाई.”

मॅडमनी माझ्या हातातला डबा घेऊन बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, “आबाजी, या खोकल्याची पह्यली लस दीड महिन्याले राह्यते. पोरगी आली तवा चाळीस दिवसाची. लसीचा दिवस याच्या आंधीच तिले लागलं. हे ना तुमच्या हातात होतं, ना माह्या. खोकला कोनाचाबी लागते. पन नात झाली म्हून बिडी कोन सोडते? म्या तं तुमच्याशिवाय कोनी पाह्यला नाई.”

म्हाताऱ्यानं पंच्यानं डोळे पुसले, पण उठला नाही.

सतराव्या दिवशी मुलीला सुट्टी मिळाली. आकडा अठरा हजार होता आणि उतरत होता. दूध न थांबता प्यायली होती, रात्रभर एकदाही निळी पडली नव्हती. मॅडमनी रिपोर्टवर लाल शाईनं लिहिलं, स्वतःच तो घेऊन वॉर्डात गेल्या आणि मला सोबत नेलं. आई सामान आवरत होती, बाप औषधांच्या पिशव्या धरून उभा. मॅडमनी पाळण्यातून मुलीला उचललं आणि थेट बाहेरच्या बाकापाशी गेल्या.

“मांडी घाला, आबाजी.”

“नोको बाई.”

“घाला म्हन्ते ना.”

म्हाताऱ्यानं बाकावर पाय वर घेऊन मांडी घातली. मॅडमनी नात त्या मांडीवर ठेवली. त्याचे दोन्ही हात हवेतच. लावायचे की नाही कळेना. मग एका हातानं त्यानं तिचं डोकं धरलं, आणि दुसरा आपोआप तिच्या पाठीखाली गेला. सून दारात उभी राहून बघत होती.

बऱ्याच वेळानं आजोबांनी वर बघितलं. “डाक्टरीनबाई, एक इचारू? तुमाले नातवंडं किती?”

मॅडमनी लग्न केलं नव्हतं आणि हा विषय लॅबमध्ये कोणी काढत नसे. म्हाताऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मॅडमनी साडीचा पदर सारखा केला आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या.

“मोजले नाई, आबाजी, अजून.”

आजोबांनी मांडीवरच्या नातीकडे बघितलं. “मंग हिच्यापासून मोजाले घ्या.”

मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या, की आतून सिस्टर ओरडायला बाहेर आली आणि दारातच थांबली. म्हाताराही हसायला लागला, आणि त्याच्या मांडीवरची ती चिमुरडी डोळे टक्क उघडून एकदा त्याच्याकडे, एकदा मॅडमकडे बघत राहिली.